नवी आवृत्ती, जुने हात

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत अभिलेख विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा पाठ)



वार्षिक सभेत बोलण्याचा मान सहसा शल्यचिकित्सकांना किंवा नव्या यंत्रसामग्रीची माहिती देणाऱ्या तज्ज्ञांना मिळतो. यंदा तो अभिलेख विभागाला, म्हणजे केसपेपर, नोंदवह्या आणि बिले सांभाळणाऱ्या माणसांना मिळाला, याबद्दल आम्ही विश्वस्तांचे ऋणी आहोत. आमच्या विभागाची आठवण लोकांना बहुधा एकाच वेळी होते, ती म्हणजे खिडकीपुढची रांग वाढली की. अहवाल वर्षात ही रांग एकदा फारच वाढली होती. येथे बसलेल्यांपैकी काहीजण त्या रांगेत उभे असतील आणि त्यांनी आम्हांला मनोमन चार शब्द सुनावलेही असतील. ती रांग का वाढली, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. कारण ऐकताना किरकोळ वाटेल. आमच्या संगणक प्रणालीची नवी आवृत्ती आली होती, एवढेच.

‘आवृत्ती’ हा शब्द आपल्याला पुस्तकांमुळे परिचयाचा आहे. पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली म्हणून आपल्या कपाटातील जुनी प्रत कोणी उचलून नेत नाही. संगणक प्रणालीच्या बाबतीत मात्र नेमके तसेच होते. पूर्वी ही प्रणाली सीडीवर येत असे. कंपनीचा अभियंता पुण्याहून यायचा, दोन दिवस मुक्काम करायचा, आमच्याबरोबर डबा खायचा आणि सर्व बसवून, दाखवून परत जायचा. नवीन आवृत्ती नको असेल तर ‘मार्चअखेर होऊन जाऊ द्या, मग पाहू’ असे त्याला सांगता येत असे. आता प्रणाली आमच्या इमारतीत नाहीच. ती कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर असते आणि आम्ही इंटरनेटद्वारे तिच्याशी जोडलेले असतो. त्यामुळे बदल होतो तो रात्रीतून होतो. बाह्यरुग्ण विभागात सर्वाधिक गर्दी सोमवारी असते. अशाच एका सोमवारी सकाळी आठ वाजता संगणक सुरू केला, तेव्हा ओळखीचा पडदा गेलेला होता.

जुन्या पडद्यावर नाव, वय, गाव, विभाग आणि प्रवर्ग हे सर्व एका पानावर, एकाखाली एक होते. एन्टरची कळ दाबत खाली उतरायचे की नोंदणी पूर्ण. नव्या पडद्यावर मोठमोठे रंगीत चौकोन होते. प्रत्येक चौकोनासाठी हात कळफलकावरून उचलून माउसकडे न्यावा लागे. नावाचे तीन तुकडे झाले होते आणि तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. गावासाठी आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका निवडायचा. मंगळवेढ्याहून आलेल्या आजोबांना प्रवेश देण्यासाठी भारतातील राज्यांची यादी आंध्र प्रदेशापासून खाली आणावी लागत होती. आणि ‘प्रवर्ग’ हा रकाना ‘अधिक माहिती’ नावाच्या दुसऱ्या पानावर गेला होता. ते पान भरणे ऐच्छिक होते.

हा शेवटचा बदल सर्वांत लहान होता. परंतु आपले रुग्णालय धर्मादाय आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के इतकी रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते आणि त्यातून या रुग्णांचा खर्च भागवला जातो. रुग्ण यांपैकी कोणत्या गटात बसतो, हे नोंदणीच्या खिडकीवरच विचारले आणि नोंदवले जाते. जुन्या पडद्यावर तो रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडतच नसे. नव्या पडद्यावर तो न भरताही सर्व काम सुरळीत पार पडत होते, आणि न भरलेला रुग्ण आपोआप ‘सर्वसाधारण’ ठरत होता.

बाहेर शंभर माणसे ताटकळत उभी असताना ऐच्छिक पान कोण उघडणार? तीन दिवस सर्व काही ठीक चालले आहे असे वाटत होते. आमच्या खिडकीवर एक ज्येष्ठ भगिनी आहेत. संगणक आल्यापासून आजतागायत त्यांनी स्वतःची दोनशे पानी वही ठेवलेली आहे. या वहीवरून त्यांची थट्टाही होत असे. बुधवारी संध्याकाळी त्यांनी वहीतील निर्धन रुग्णांची नावे मोजली, ती अकरा भरली. संगणकातील आकडा शून्य होता. त्या अकरांपैकी एका रुग्णाच्या नातेवाइकांना शस्त्रक्रियेच्या पूर्ण खर्चाचे अंदाजपत्रक दिले गेले होते आणि रुग्णाचे बंधू दोन शेळ्या विकण्यासाठी अक्कलकोट तालुक्यातील आपल्या गावी निघण्याच्या तयारीत होते. ते एस.टी. स्टँडवर पोहोचण्यापूर्वी त्यांना गाठता आले. अकराही नोंदी त्याच रात्री दुरुस्त झाल्या. त्यासाठी कोणती प्रणाली उपयोगी पडली, तर दोनशे पानी वही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीच्या मदत केंद्राला दूरध्वनी केला. पलीकडचा तरुण अतिशय नम्र होता. तो म्हणाला, “मॅडम, ती सोय आम्ही काढलेली नाही, फक्त जागा बदलली आहे.” या वाक्यात खोटे काही नव्हते. आपल्या घरातील विजेचे बटण कोणी रात्रीत दाराजवळून काढून पलंगामागे बसवले, तर तोही ‘फक्त जागा बदलली आहे’ असे म्हणू शकेल. अंधारात भिंत चाचपडणाऱ्या माणसाच्या लेखी मात्र बटण नाहीसे झालेले असते.

अनुभवी कर्मचारी पडद्याकडे पाहून काम करत नाही, तो रुग्णाकडे पाहून काम करतो. बोटे आपोआप चालतात आणि डोळे मोकळे राहतात. समोरच्याचा श्वास लागला आहे का, तो खांबाला टेकून उभा आहे का, बरोबर आलेल्या मुलीच्या हातातील चिठ्ठी कोणाची आहे, हे सर्व खिडकीतूनच दिसते आणि त्यावरून चाकाची खुर्ची मागवायची की थेट अपघात विभागात पाठवायचे, हे ठरते. वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेली ही मोकळीक म्हणजे रुग्णालयाची मालमत्ता आहे, फक्त ती ताळेबंदात दिसत नाही. पडदा बदलला की ती एका रात्रीत खर्ची पडते. पंधरा-वीस वर्षांची सेवा झालेली व्यक्ती पुन्हा नवशिकी होते, आणि तेही लोकांसमोर, रांगेच्या साक्षीने. मग चिडचिड होते. ती ऐकणाऱ्याला वाटते, ‘यांना नवे काही नकोच असते.’

हा अनुभव केवळ रुग्णालयाचा आहे असे नाही. सोलापूरच्या बाजारपेठेत, सूत आणि टॉवेलच्या पेढ्यांवर, कर सल्लागारांच्या कार्यालयांत ज्यांनी टॅलीवर हिशेब लिहिले, त्यांना विचारावे. २००९ साली आलेली टॅली ईआरपी ९ अनेकांच्या बोटांत इतकी मुरली होती की पडद्याकडे न पाहता दिवसाचे व्यवहार उतरवले जात. २०२० साली टॅलीप्राइम आली. एफ-१ ही कळ पूर्वी कंपनी निवडण्याची होती, ती मदतीची झाली आणि कंपनीसाठी एफ-३ आली. जमापत्र आणि नावेपत्र, म्हणजे क्रेडिट नोट आणि डेबिट नोट, यांच्या कळाही बदलल्या. नव्याने शिकणाऱ्यास नवी मांडणी कदाचित सोपी गेली असेल. जुन्या हिशेबनीसाचे बोट मात्र कितीतरी दिवस चुकीच्या कळेवर जात राहिले. निर्मात्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पावती, प्रदान, विक्री, खरेदी या रोजच्या व्यवहारांच्या एफ-४ ते एफ-९ या कळा त्यांनी तशाच ठेवल्या. दिवसातून दोनशे वेळा लागणारी वस्तू हलवू नये, एवढे भान तेथे कोणाला तरी होते. सर्वांना ते असतेच असे नाही.

मायक्रोसॉफ्टने २००७ च्या ऑफिसमध्ये जुन्या याद्या काढून वरच्या बाजूला चित्रांची पट्टी आणली, तेव्हा जगभर कुरकूर झाली. ती पट्टी टिकली आणि लोक तिला सरावले. २०१२ साली विंडोज ८ मधून कोपऱ्यातील ‘स्टार्ट’चे बटण काढले, तेव्हाही कुरकूर झाली, आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते बटण परत आणावे लागले. म्हणजे प्रत्येक तक्रार रास्त असते असे नाही, आणि प्रत्येक तक्रार म्हाताऱ्यांची किरकिर असते असेही नाही. दोहोंतील फरक ऐकल्याशिवाय कळत नाही.

बदलाचे कारण ठाऊक असेल तर माणसे बदल स्वीकारतात, हा आमचा अनुभव आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. शिधापत्रिका पाहणे, छायाचित्र काढणे, शस्त्रक्रियेची पूर्वपरवानगी संगणकावरून मागणे, हे सर्व सोलापूरच्या रुग्णालयांना राज्यातील बहुतेक जिल्ह्यांच्या आधी शिकावे लागले. २०१७ साली योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, आणि नियमांबरोबर नोंदींचे स्वरूप बदलत गेले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा औषध भांडाराची बिले बदलली. या प्रत्येक वेळी कष्ट पडले, रात्री जागाव्या लागल्या, तरीही ‘हे कशासाठी?’ असा प्रश्न कोणी विचारला नाही. गरीब रुग्णाची शस्त्रक्रिया मोफत होणार असेल तर दहा नवे रकाने भरायला आमची ना नाही. संताप येतो तो चौकोनाचा रंग बदलण्यासाठी चार दिवस वाया जातात तेव्हा.

मग कंपन्या असे बदल का करतात? काही कारणे खरी असतात. जुने यंत्र बाजारात मिळत नाही, सुरक्षिततेतील छिद्रे बुजवावी लागतात, कायदा बदलतो. काही कारणे व्यापाराची असतात. जुन्या ग्राहकाने पैसे दिलेलेच असतात, त्यामुळे नव्या ग्राहकाला पहिल्या भेटीत काय आवडेल याकडे लक्ष अधिक राहते. प्रदर्शनात दहा मिनिटे पाहणाऱ्यास रंगीत चौकोन आवडतात. दिवसाचे आठ तास त्यावर काम करणारी व्यक्ती त्या प्रदर्शनाला गेलेली नसते. खरेदीच्या बैठकीलाही ती नसते, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

नव्याची निंदा करणे हा माझा हेतू नाही. आज हातात असलेल्या अहवालाचेच उदाहरण पाहा. वीस वर्षांपूर्वी आपले अहवाल छापखान्यात श्रीलिपीसारख्या प्रणालीत जुळवले जात. त्या काळी प्रत्येक उत्पादकाच्या मराठी अक्षरांना संगणकात स्वतःचे वेगळे सांकेतिक क्रमांक होते. एका यंत्रावरील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा पसारा दिसे. त्या काळातील कागदी अहवाल आजही वाचता येतात, पण त्याच मजकुराच्या फ्लॉपी आणि सीडी ती अक्षरे नसलेल्या यंत्रावर उघडल्या तर निरुपयोगी ठरतात. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान १९९१ सालीच मिळाले होते आणि विंडोज २००० पासून सामान्य संगणकांवर त्याचा वापर शक्य झाला. आज रुग्णाचे नाव मराठीत लिहिता येते, शोधता येते, मुंबईच्या रुग्णालयाला पाठवले तरी तसेच वाचता येते. हा बदल हवाच होता.

तरीही त्या चांगल्या बदलात मराठी माणसाचे एक अक्षर अडकले. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील ‘ऱ्ह’ घ्या. जुन्या फॉन्टमध्ये त्यासाठी स्वतंत्र खूण होती. युनिकोडमध्ये ‘र’, हलन्त आणि ‘ह’ अशा सरळ क्रमाने लिहिले की रफार वर जातो आणि ‘कुर्हाडे’ उमटते. बरोबर लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत ‘र’ आणि हलन्त यांपुढे एक अदृश्य चिन्ह द्यावे लागते, दुसरीत खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ वापरावा लागतो. कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन निरनिराळी नावे असतात. सकाळच्या पाळीतील कर्मचाऱ्याने एका रीतीने आणि रात्रपाळीतील कर्मचाऱ्याने दुसऱ्या रीतीने लिहिले, तर एकाच रुग्णाची दोन खाती तयार होतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद एका खात्यात असते आणि डॉक्टरांसमोर दुसरे खाते उघडलेले असते. म्हणून नाव टंकताना सहकारी कुरकुरला, तर तो कळफलकाविषयी बोलत नसतो, रुग्णाविषयी बोलत असतो. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांपैकी कित्येकांचे नाव तीन ठरावीक चौकोनांत बसत नाही. कोणाचे घराण्याचे नाव आधी येते, कोणाचे येतच नाही. तीन तुकडे सक्तीचे करणाऱ्याने ही माणसे पाहिलेली नसावीत.

वापरणाऱ्याची तक्रार किती मोलाची असू शकते, याची वैद्यकीय क्षेत्रातील एक घटना सर्वश्रुत व्हायला हवी. कर्करोगावर किरणोपचार करणारे थेरॅक-२५ नावाचे यंत्र कॅनडातील एका सरकारी कंपनीने तयार केले होते. त्याच्या आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात किरणांची मात्रा मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून स्वतंत्र यांत्रिक आणि विद्युत अटकाव होते. नव्या यंत्रात ते काढून ती जबाबदारी संगणक प्रणालीवर सोपवण्यात आली. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले गेल्याचे उघड झाले. त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले.

यातील टेक्सास राज्यातल्या टायलर गावचा प्रसंग फार शिकवून जातो. मार्च १९८६ मध्ये तेथे एक अपघात झाला. कंपनीचे अभियंते आले, त्यांनी यंत्र तपासले, पण त्यांना दोष सापडला नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि एप्रिलमध्ये दुसरा अपघात झाला. तेव्हा रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ या दोघांनी पडद्यापुढे बसून तो प्रसंग पुन्हा पुन्हा करून पाहिला. शेवटी त्यांना उलगडा झाला. नोंद करताना झालेली चूक चालकाने फार जलद, काही सेकंदांतच दुरुस्त केली, तर यंत्राची आतली मांडणी आणि पडद्यावरील नोंद यांचा मेळ तुटत होता. सावकाश टंकणाऱ्या नवख्याकडून हा दोष कधीच उघड झाला नसता. ज्याची बोटे सरावाने वेगवान झाली होती, त्याच्याच हाती तो लागत होता. पडद्यावर त्या वेळी ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटत असे. त्याचा अर्थ चालकाला कोणी समजावून सांगितलेला नव्हता. पुढे असे आढळले की प्रणालीतील हा दोष जुन्या थेरॅक-२० मध्येही होता. तेथे फक्त फ्यूज उडत असे, आणि रुग्ण सुखरूप राहत असे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील बालरुग्णालयाचे. तेथे २००२ साली डॉक्टरांनी औषधांच्या सूचना कागदाऐवजी संगणकावर लिहिण्यास प्रारंभ केला. बाहेरून हलवून आणलेल्या बालरुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्याआधीच्या काळात २.८० टक्के होते, ते नंतरच्या पाच महिन्यांत ६.५७ टक्के झाल्याचे त्याच रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केले. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच औषधे तयार ठेवता येत. नव्या पद्धतीत मूल दारात येऊन त्याची नोंदणी होईपर्यंत सूचनाच लिहिता येत नव्हती. हीच प्रणाली सिएटलच्या बालरुग्णालयाने नंतर वापरली, तेव्हा तेथे मृत्यू वाढले नाहीत. प्रणाली एकच होती, ती आणण्याची तयारी वेगळी होती. म्हणून संगणकाला सरसकट दोष देणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही.

आणि जुन्यालाच चिकटून बसणे हाही उपाय नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने इंग्लंडमधील सुमारे ८० सरकारी रुग्णालय संस्थांचे कामकाज विस्कळीत केले. त्यापासून बचाव करणारी दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती, ती बसवलेली नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले. विंडोज एक्स्पीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये थांबला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. असे दरवाजे बंद होत असताना आत बसून राहता येत नाही. उलट, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि परदेशातील काही मोठ्या रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. अपडेट न घेणे धोक्याचे, आणि न तपासता सर्व ठिकाणी एकदम घेणेही धोक्याचे.

तपासून घेणे म्हणजे काय, हे सोलापूरकरांना परक्या देशातून शिकायला नको. जेकार्ड मागावर चादर विणणारा कारागीर नव्या नक्षीची छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची माळ चढवतो, तेव्हा लगेच सगळे सूत विणायला घेत नाही. थोडा नमुना विणतो, उजेडात धरून पाहतो, एखादे छिद्र चुकले असेल तर पुठ्ठा बदलतो. (जाता जाता सांगतो, पुढे संगणकाने वापरलेली छिद्रांच्या कार्डांची कल्पना याच मागावरून गेली. त्या अर्थी आमच्या पडद्याचे पूर्वज आपल्या शहरात आजही खडखडत आहेत.) एवढीच सवलत आम्हांला हवी आहे. नवी आवृत्ती आधी एका संगणकावर, एका खिडकीवर, आठ दिवस चालावी. त्या खिडकीवर सर्वांत अनुभवी माणूस बसावा आणि त्याने लिहून दिलेल्या अडचणी दूर झाल्याखेरीज ती इतर खिडक्यांवर येऊ नये.

विश्वस्त मंडळाला म्हणून आमचे निवेदन आहे की, यापुढे कोणत्याही संगणक प्रणालीचा करार करताना बदलाची पूर्वसूचना, चाचणीची प्रत आणि आपली सर्व माहिती हवी तेव्हा वाचनीय स्वरूपात परत मिळण्याची हमी, या अटी लेखी घालाव्यात. सोमवारी आणि मार्चअखेर बदल होणार नाही, हेही लिहून घ्यावे. कंपन्या एका लहान रुग्णालयाचे ऐकतीलच असे नाही, पण जिल्ह्यातील धर्मादाय रुग्णालयांनी मिळून मागितले तर दुर्लक्ष करणे त्यांना जड जाईल. आणि खरेदीच्या बैठकीत एक खुर्ची नोंदणीच्या खिडकीवरील व्यक्तीसाठी असावी.

देणगीदारांपुढे एक संकोचाची गोष्ट मांडतो. आपण यंत्रे दिलीत, खाटा दिल्यात, कक्ष बांधून दिलेत. त्यांवर आपल्या आईवडिलांची नावे कोरलेली आहेत आणि ती वाचून आम्ही रोज कामाला लागतो. परंतु कर्मचाऱ्यांच्या शिकवणीसाठी आजवर देणगी आलेली नाही, कारण तिची पाटी लावायला भिंत नसते. नवी आवृत्ती आली की आठ माणसांना चार-चार दिवस शिकावे लागते आणि त्या दिवसांत त्यांच्या जागी कोणी तरी बसावे लागते. हा खर्च कोणत्याच शीर्षाखाली नसल्याने ते शिक्षण चालू खिडकीवर, रुग्णांसमोर, रुग्णांच्या वेळेत उरकले जाते. या वर्षापासून अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळे शीर्ष असावे, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. रक्कम एखाद्या लहान उपकरणाइतकीही नाही. त्या ज्येष्ठ भगिनींच्या वहीचा खर्चही, त्यांची हरकत नसेल तर, त्यातूनच व्हावा.

रुग्णांच्या नातेवाइकांना एवढीच विनंती आहे. केसपेपर हातात पडला की त्यावरील नाव, गाव आणि प्रवर्ग खिडकी सोडण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर आम्हांला मोठ्याने वाचायला सांगावे, आम्ही वाचू. जुना केसपेपर घरी असेल तर तो फेकू नये, पुढच्या खेपेस बरोबर आणावा, त्यावरील क्रमांकावरून तुमचे पहिले खाते सापडते. केशरी किंवा पिवळी शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला असेल तर विचारण्याची वाट न पाहता तो खिडकीत पुढे करावा. ‘प्रवर्ग’ रकाना कंपनीने अद्याप पहिल्या पानावर परत आणलेला नाही. तोपर्यंत आम्ही प्रत्येक संगणकाच्या कडेला त्याची आठवण देणारी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तुम्हांला ती बाहेरूनही दिसेल.